एम१ एअरवरून एम२ : आधी मेमरी प्रेशर बघा
८ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेजचा एम१ मॅकबुक एअर (अ‍ॅपलचा लॅपटॉप) देऊन नव्या घडणीचा एम२ एअर घ्यावा का, हा प्रश्न आहे ना? मग रोजचं सगळं काम उघडं ठेवून मॅकमधल्याच अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर या अ‍ॅपमधला मेमरी प्रेशरचा, म्हणजे रॅमवर किती ताण आहे त्याचा, आलेख बघा. हिरवा असेल तर अजिबात बदलू नका. पिवळा-लाल होत असेल तर १६ जीबीच घ्या, रॅम नंतर वाढवता येत नाही.

२५६ जीबी स्टोरेजचा एम२ मात्र टाळाच. एम१मध्ये १२८ जीबीच्या दोन स्टोरेज चिप होत्या, २०२२च्या एम२मध्ये २५६ची एकच. त्यामुळे एसएसडीचा (स्टोरेजचा) वेग जवळपास निम्मा होतो, आणि रॅम भरून स्वॅप (रॅमऐवजी एसएसडी वापरणं) सुरू झाला की मशीन अडखळतं. पंखा दोन्हींत नाही. नुसती बॅटरीची कमाल क्षमता ८० टक्क्यांखाली गेली असेल तर बॅटरी बदलून घेणं कितीतरी स्वस्त.