हॉस्टेल मेसचं खत: खड्ड्यात पाणी, वास, अळ्या. पावसाळ्यात कसं सांभाळायचं?

भंवरकुआं_हॉस्टेल
इंदूर. कॉलेजच्या पर्यावरण मंडळाने हॉस्टेलच्या मागे खतासाठी दोन खड्डे घेतलेत, प्रत्येकी ६ फूट लांब, ४ रुंद, ३ खोल. मेसमधून रोज साधारण ४० किलो ओला कचरा येतो: भाजीची सालं-देठं, ताटातला भात-पोळ्या, सकाळचे उरलेले पोहे, वरण. उन्हाळ्यात ठीक चाललं होतं. आता झडीनंतर खड्ड्यात पाणी साचलंय, सडक्या अंड्यासारखा वास येतोय, वर पांढऱ्या अळ्या. वॉर्डन सर म्हणतात पंधरा दिवसांत सुधारा, नाहीतर बुजवा. कल्चर पावडर (कचरा लवकर कुजवणाऱ्या जिवाणूंची) टाकून भागेल का?

काळी_माती
पावडरीने काही होणार नाही. सडक्या अंड्याचा वास म्हणजे आत हवाच नाही. माळव्याची काळी माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी मुरायचं थांबतं. तुमचा खड्डा सध्या हौद आहे. उन्हाळ्यात त्याच भेगांतून निचरा होत होता, म्हणून तेव्हा कळलं नाही.

गंमत अशी की यावरचं उत्तर इंदूरातच शंभर वर्षांपूर्वी निघालंय. ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते, आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. सहकारी यशवंत वाड यांच्यासोबत त्यांनी जी खतपद्धत बसवली ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. तिच्यातही खड्डे कोरड्या दिवसांपुरतेच. पावसाळ्यात जमिनीवर ढीग.

तेव्हा खड्डे सोडा. सहा इंच उंच, एका बाजूला उतार असलेला ओटा, त्यावर जाळीदार विटांचे चार कप्पे, प्रत्येकी ४ फूट लांब-रुंद-उंच, वर पत्रा. पत्रा भिंतीच्या दीड-दोन फूट बाहेर काढा, तिरपा पाऊस आत येतो. यापेक्षा लहान कप्पा करू नका, ढिगात उष्णता टिकत नाही.

आता खरं दुखणं: तुम्ही सुकं काहीच घालत नाही आहात. मेसच्या कचऱ्यात ८० टक्के पाणी असतं. ४० किलो कचऱ्याला १५-१६ किलो सुका पाला लागतो, तेव्हा ओलावा ६० टक्क्यांवर येतो आणि कार्बन-नायट्रोजनचं प्रमाणही २५ ते ३० ला १ च्या आसपास बसतं. रोज वजन करत बसायचं नसेल तर एक बादली कचऱ्याला दोन बादल्या चुरलेला पाला. पाला अख्खा घातला तर थर एकमेकांना चिकटून पापुद्रा होतो आणि मधे पुन्हा हवा कोंडते.

जुलैत कोरडा पाला मिळणार नाही हे उघड आहे. यंदा गव्हाचा भुसा किंवा सोयाबीनचं कुटार आणा, माळव्यात त्याला तोटा नाही. आरा मशीनवरचा लाकडाचा भुसा चालतो, पण ४० किलोला ८-१० किलोच्या वर नको, आणि प्लायवुडचा अजिबात नको, त्यात गोंद असतो. पुढच्या वर्षीसाठी फेब्रुवारी ते एप्रिलची पानगळ पोत्यांत भरून छपराखाली ठेवा. पावसाळ्याच्या चार महिन्यांना जवळजवळ दोन टन लागेल. जागा आधी मोजा.

एक कप्पा साधारण बारा दिवसांत भरतो. चौथा भरेपर्यंत पहिला उपसायला येतो, मग तो माल महिनाभर झाकून मुरवायचा. मधे लोखंडी सळई ढिगात दहा मिनिटं खुपसून ठेवा. हातात धरवत नाही इतकी तापली तर काम नीट चाललंय. कोमट लागली की ढीग पालटा. मूठभर माल दाबला की एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर भुसा कमी पडलाय.

खड्ड्यातला चिखल दुप्पट भुशात कालवून पहिल्या कप्प्यात घाला. पहिले दोन-तीन दिवस वास वाढेल, वॉर्डनना आधीच सांगून ठेवा.

सराफा_रात्री
वरचं सगळं बरोबर, पण ताटातलं उष्टं खतात घालायचंच कशाला? वरणाचं पाणी, पोह्याचं तेल, पोळ्यांचे गोळे, सगळी घाण तिथूनच. मेसच्या दाराशी तीन बादल्या ठेवा: कच्ची सालं-देठं, ताटातलं उष्टं, पातेल्यात उरलेलं. फक्त पहिली खताला. उष्टं नगर निगमच्या कचरागाडीत, ते देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटला जाऊ द्या. २०२२ साली सुरू झालाय, तेव्हाची क्षमता दिवसाला ५५० टन. शिजलेल्या अन्नाचा गॅस चांगला होतो. तळणीचं तेल यातल्या कशातच नको.

तिसरी बादली आठवडाभर रोज तोला आणि आकडा मेसच्या फळ्यावर लिहा. कुठल्या वारी काय उरतं ते दिसलं की शिजवायचं माप कमी करता येतं. मंडळाचं मुख्य काम मी तरी हेच मानेन, खत नंतर.

काळी_माती
गाडीचा पर्याय चांगला आहे, पण कॉलेजचा एकूण कचरा रोज १०० किलोच्या वर जात असेल तर घनकचरा नियमांनी तुम्ही 'मोठे उत्पादक' ठरता आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा असतो. वर्षभराचं वजन आधी बघा.

गांडूळ_ताई
अळ्यांबद्दल कोणी बोललंच नाही. बारीक पांढऱ्या असतील तर घरमाशीच्या. रोजच्या थरावर दोन-तीन इंच सुका भुसा झाका, माशीला अंडी घालायला जागा उरत नाही. चपट्या, करड्या-तपकिरी, वळ्यावळ्यांच्या असतील तर काळ्या सोल्जर माशीच्या. त्या उलट कचरा फस्त करतात, मारू नका.

आणि दिवाळीच्या सुट्टीत सळई कोण खुपसणार? पोरं घरी गेली की ढीग सुकतो. माळीकाकांना पालटण्याचे पैसे मेसच्या खात्यातून ठरवून द्या, आणि वही मंडळाकडे न ठेवता ओट्यापाशी ठेवा: तारीख, किलो, सळई गरम की कोमट.

भंवरकुआं_हॉस्टेल
धन्यवाद सगळ्यांना. अळ्या बारीक पांढऱ्याच आहेत. दोन शंका: ओट्यावरून गळणारं काळं पाणी झाडांना घालू का? आणि खत तयार झालं हे कसं ओळखायचं?

गांडूळ_ताई
काळं पाणी थेट झाडांना नको, मुळं जळतात. उताराच्या टोकाला बादली लावा आणि जो ढीग कोरडा वाटेल त्यावर परत ओता. खतासाठी: कुंडीत अर्धं खत, अर्धी माती, त्यात मेथीचे दहा दाणे. आठवड्याभरात आठ-नऊ उगवून हिरवे उभे राहिले तर वापरा. पिवळे पडले तर अजून पंधरा दिवस मुरू द्या. वजन घातल्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं उरेल, कुणी चोरलं असं समजू नका.