मदत हवी आहे: मुलं स्वतःचे पलटे करतच नाहीत

ठेकेदार: गुरुपौर्णिमेला तीन आठवडे उरलेत. यंदा प्रत्येकजण निदान एक पलटा (शिकवलेल्याचीच उलटापालट करून केलेला नवा प्रकार) स्वतः बांधून वाजवेल, असं पालकांना सांगून बसलोय. मुलं एकतर माझाच वाजवतात, नाहीतर वाट्टेल ते घुसडतात. काय करू? लवकर सांगा.

मोगरा: सोपं आहे. सारेग, रेगम, गमप वहीत लिहायला लावा, मग उलटसुलट करायला सांगा. माझी भाची आठवड्यात करायला लागली.

ठेकेदार: अहो ताई, गाण्याचे नव्हेत. तबला!

खरजातला: हे आधी लिहायचं ना. वय? कायदा कोणता, म्हणजे पलटे कोणत्या मूळ रचनेवर बांधायचेत?

ठेकेदार: नऊ ते बारा. कायदा सगळे सुरुवातीला शिकवतात तोच, धाधा तिट धाधा तीना । ताता तिट धाधा धीना. तीनताल (सोळा मात्रा), दुगुन (एका मात्रेत दोन बोल).

अण्णा_सांगलीकर: या वयात रचना कसली? गुरूचे वीस पलटे आधी हातात बसू द्या. आम्ही दोन वर्षं नुसतं तिट घासलं.

खरजातला: अण्णा, तिट घासून तिटच येतं. ठेकेदार, घुसडतात ते तिरकिट ना?

ठेकेदार: तिरकिटच!! कसं ओळखलंत?

खरजातला: सगळीकडे तेच. कायद्याबाहेरचा बोल चालत नाही हे सांगून कळत नाही, म्हणून पत्ते करा. जुन्या लग्नपत्रिका कापा. धाधाच्या पाठीवर ताता, तीनाच्या पाठीवर धीना, तिट दोन्हीकडे तिट. एका ओळीत आठ पत्ते, आठ मात्रा. शेवटचे धाधा, तीना हलवायचे नाहीत. बाकी सहा जागा मुलांच्या. खालीला, म्हणजे दुसऱ्या ओळीत, पहिल्या चारांतले धाधा आणि शेवटचा तीना उलटा. आधी पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, मग हात.
धाधा तिट तिट तिट । धाधा तिट धाधा तीना
ताता तिट तिट तिट । धाधा तिट धाधा धीना

पश्चिमवारा: ट्विंकल ट्विंकलच्या त्या जुन्या फ्रेंच चालीवर मोझार्टने पियानोसाठी १२ प्रकार बांधलेत. मुलांना ऐकवा, चाल कशी लपते आणि परत सापडते ते कळेल.

अण्णा_सांगलीकर: इथे तिट निघेना आणि हे मोझार्ट ऐकवतायत.

मोगरा: तबल्यावरून आठवलं, पावसात आमच्या तबल्याची पुडी (वरचं चामडं) सारखी सुरातून उतरते. काय करावं?

ठेकेदार: काल पत्ते करून पाहिले. तिरकिटचा पत्ताच नाही म्हटल्यावर आपोआप थांबले. एकीचा पलटा सात मात्रांतच संपला, शोधलं तर एक तिट तिच्या मांडीखाली. आता शेवटी तोच तुकडा तीनदा वाजवतात त्या तिहाईचं काय करू?

मोगरा: पुडीचं कुणी सांगेल का?