किंग क्रिमसनचा 'लिझर्ड' : सुरुवात कुठून करू?

तिरकिटराव
किंग क्रिमसन या ब्रिटिश रॉक बँडचा पहिला अल्बम, १९६९ चा 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग', मी पारायणं केल्यासारखा ऐकलाय. दुसरा थोडा पहिल्याची झेरॉक्स वाटला, पण तोही आवडला. घोडं अडलंय ते तिसऱ्यापाशी, १९७० च्या 'लिझर्ड'पाशी. चार वेळा लावला आणि चारही वेळा 'इनडोअर गेम्स'च्या शेवटी गायक खो खो हसत सुटतो तिथे बंद केला. आपल्यालाच हसतोय असं वाटतं.

सगळे म्हणतात यात जॅझ आहे. असेल बुवा. मला एका खोलीत पाच जण पाच वेगळ्या विषयांवर बोलताना ऐकू येतात. मी सहा वर्षं तबला शिकलोय, त्यामुळे ताल कळत नाही अशातला भाग नाही. दुसरी बाजू म्हणजे २३ मिनिटांचं एकच गाणं, ते लावायचं धाडसच झालेलं नाही. यात खरंच काही आहे, की आवडला म्हटल्याशिवाय जाणकारांच्या पंगतीत पाट मिळत नाही?

रिव्हर्बशेठ
नाही आवडला तर सोडून दे की. खुद्द बँडच्या म्होरक्याला, रॉबर्ट फ्रिपला, तो कित्येक वर्षं आवडत नव्हता. अल्बम त्याचा, गिटार त्याची, मेलोट्रॉनही (टेपवरचे सूर वाजवणारा कीबोर्ड) त्याचाच, आणि तुला कसला अपराधीपणा? त्यांचाच 'रेड' ऐक आणि झोप.

कॉर्नेटकाका
शेठ, पोराला पळवून लावू नका.

तिरकिटराव, मी शाळेच्या बँडात कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचं भावंड, धरलं आणि पुढे अकरा वर्षं वरातीत वाजवलं. त्यामुळे मी कुठलीही रेकॉर्ड आधी ओठांनी ऐकतो, कानांचा नंबर नंतर. आता सांगतो तसं कर. पहिली बाजू बाजूला ठेव. दुसरी लाव आणि साडेचार मिनिटं पुढे जा. आधीच्या भागात येस बँडचा जॉन अँडरसन पाहुणा म्हणून गायलाय. छान गायलाय, पण तुझं दुखणं तिथलं नाही. तिथून पुढे त्याच गाण्यातला 'बोलेरो' हा भाग सुरू होतो.

स्नेअर ड्रमवर बारीक, एकसारखा ठोका लागतो. फ्रेंच संगीतकार राव्हेलचा १९२८ चा 'बोलेरो' कधी कानावरून गेला असेल तर चाल ओळखशील. त्यावर रॉबिन मिलरचा ओबो येतो. ओबो म्हणजे सनईच्याच गोत्रातला, दोन पात्यांच्या तोंडाचा. ती धून पाठ होईपर्यंत पुढे जाऊ नकोस. तबला वाजवतोस म्हणजे लेहरा, तबल्याच्या साथीला फिरत राहणारी ती एकच धून, तुला सांगायला नको. ही धून डोक्यात लेहऱ्यासारखी चालू ठेव. मधली काही मिनिटं ती ऐकू येणार नाही, तरी तू आपला धरून बस. मग बाकीचे तिच्याभोवती कसे हुंदडतात ते बघ. शेवटी ओबो परत येतो तेव्हा समेवर आल्यासारखं वाटलं नाही, तर मला येऊन शिव्या दे.

हुंदडणारे कोण? कॉर्नेटवर मार्क चारिग, ट्रॉम्बोनवर निक इव्हान्स आणि पियानोवर कीथ टिपेट. तिघंही किंग क्रिमसनचे नाहीत. टिपेटचा स्वतःचा जॅझ ग्रुप होता, बाकीचे दोघे त्यातलेच. वरातीत ट्रॉम्बोनवाला नेहमी पहिल्या रांगेत असतो, नाहीतर नळी पुढच्याच्या पाठीत. इव्हान्स इथे तसाच वाजवतो, पुढे मोकळा रस्ता असल्यासारखा! आणि चारिगकडे ट्रम्पेट नाही, कॉर्नेट आहे. त्याची नळी सुरुवातीपासून हळूहळू रुंद होत जाते, म्हणून आवाज गोल निघतो, टोचत नाही. सॅक्सोफोनच्या गर्दीतसुद्धा तो मला पहिल्या फुंकेला सापडतो. यात माझा पक्षपात आहे, कबूल.

टिपेटचा पियानो मात्र कुणाच्याच मागे चालत नाही. चार सूर टाकतो, गप्प बसतो, मग भलत्याच दारातून आत येतो. फ्रिपने त्याला बँडमध्ये बोलावलं होतं, तो आला नाही. त्याच वर्षी त्याने ५० वादकांचा 'सेंटिपीड' नावाचा ताफा उभा केला. त्या ताफ्याच्या १९७१ च्या रेकॉर्डचा निर्माता फ्रिपच होता.

आता तुझे ते पाच जण. तुझं ऐकणं चुकलेलं नाही, ते खरोखरच वेगळं बोलतायत. इथला गायक गॉर्डन हॅस्केल हा फ्रिपचा शाळेपासूनचा सोबती, पण जीव सोल संगीतात अडकलेला. त्याच्यापुढे गीतकार पीट सिनफिल्डचे सर्कस, सरडे, राजपुत्र असले शब्द ठेवले आणि मागे टिपेटला मोकळं सोडलं. बिचारा नको त्या लग्नात अडकलेल्या वाजंत्र्यासारखा गातो. रेकॉर्ड बाजारात आली तोवर हॅस्केल गेला, पाठोपाठ ड्रमर अँडी मॅकलॉकही. या संचाने एकही कार्यक्रम केला नाही. तुला खटकतं ते हेच. मला नेमकं तेच आवडतं. हॅस्केलचं पुढे भलं झालं. २००१ च्या नाताळात त्याचं एक साधं प्रेमगीत ब्रिटनमध्ये दुसऱ्या नंबरला गेलं. आवाज हाच, फक्त घर सापडलेला.

काचेची_बाहुली
काका, 'बोलेरो'बद्दल वाद नाही, पण 'सर्कस' वगळायला सांगता म्हणजे कमाल आहे. नाजूक कीबोर्डवर अंगाईसारखी सुरुवात होते आणि मग मेलोट्रॉनचे ते जाडजूड ब्रासचे सूर अंगावर येतात. त्यामागे फ्रिपची साधी अकूस्टिक गिटार इतकी वेगात पळते, की इलेक्ट्रिकची आठवणसुद्धा होत नाही. तिरकिटराव, मॅकलॉकचे ड्रम तिथे ऐका. माणूस एक जागा रिकामी सोडत नाही. तबलजी म्हणून तुम्हाला एकतर राग येईल नाहीतर हसू.

मी प्रयोगशाळेसाठी काचेची उपकरणं बनवते, म्हणून एक अवांतर. शेवटच्या गाण्यातल्या लढाईचं नाव 'बॅटल ऑफ ग्लास टियर्स', काचेच्या अश्रूंची लढाई. गाण्यातला प्रिन्स रुपर्ट इतिहासातला आहे, इंग्लंडच्या यादवी युद्धात राजाच्या बाजूने लढलेला घोडदळाचा सेनापती. वितळलेल्या काचेचा थेंब गार पाण्यात टाकला की शेपटीवाला अश्रू तयार होतो, त्याला आजही रुपर्टचा थेंब म्हणतात. डोक्यावर हातोडी मारा, फुटत नाही. शेपटीचं टोक मोडा, क्षणात पीठ. बाहेरची काच आधी थिजते, आतली नंतर आकसते, तो सगळा ताण आत कोंडून राहतो.

लढाई संपल्यावर येणारा फ्रिपचा विलाप मी असाच ऐकते. खाली एकसुरी धपधप, वर एकटी गिटार रडते. सगळी गर्दी एका शेपटीशी येऊन थांबलेली.

आणि हो, स्टीव्हन विल्सनने २००९ मध्ये केलेला रिमिक्स लावा. वाद्यं सुटी झालीत. त्यानंतर फ्रिपचंही मत बदललं, रिव्हर्बशेठ.

रिव्हर्बशेठ
बदललं असेल. माझा रिमिक्स कुणी करत नाही, म्हणून माझं तेच आहे.

तिरकिटराव
काल रात्री हेडफोन लावून बसलो. काकांनी सांगितलं तसं साडेचार मिनिटांपासून. पहिल्यांदा धून मधेच हातची सुटली. दुसऱ्यांदा बोटाने मांडीवर ठेका धरून बसलो. ट्रॉम्बोन आडवातिडवा पळत होता तरी ठेका सोडला नाही. ओबो परत आला तेव्हा मी खरंच मान हलवली, खोलीत एकटाच असताना.

'सर्कस'ही ऐकलं. ताई, राग आला. इतकं भरायचं? आमचे गुरुजी असते तर हातावर पट्टी बसली असती. तरी दोनदा ऐकलं.

'इनडोअर गेम्स' अजून नाहीच. तो माणूस अजून हसतोच आहे. काका, तुमची शिव्यांतून सुटका. पण आता आमच्या चौकातल्या बँडवाल्याकडे जुनं कॉर्नेट विकायला आहे का विचारावंसं वाटतंय. वय २८, उशीर झाला का?

कॉर्नेटकाका
उशीर वगैरे काही नाही. पहिला महिना ओठ सुजतील आणि शेजारी भांडायला येतील. घेताना तिन्ही पडदे दाबून बघ, अडकणारा पडदा असेल तर दोनशे रुपये कमी करून माग.