द ल्युबाक वाचण्यापुरतं फ्रेंच: सुरुवात कुठून करावी?

समास: प्रबंधासाठी फ्रेंच कॅथलिक धर्मशास्त्रज्ञ आंरी द ल्युबाक यांचं 'स्युरनातुरेल' (1946) मुळातून वाचायचं आहे. हातात सहा महिने. ग्रीक बऱ्यापैकी येतं, फ्रेंच शून्य. बोलायचं अजिबात नाही. मोबाईलवरचं अ‍ॅप पुरेल, की थेट बायबल घेऊन बसू?

पेन्सिल: बायबलच घ्या. अ‍ॅपमध्ये भर बोलण्यावर असतो. पुस्तकी भूतकाळ, 'पासे सँप्ल', तिथे फारसा भेटत नाही. तुम्हाला तो पानोपानी भेटणार. लुई सगों यांच्या भाषांतराची 1910 ची आवृत्ती आणि शेजारी मराठी बायबल ठेवा. बायबलच्या पहिल्या पुस्तकातलं, उत्पत्ती 1:3 बघा: 'द्यो दी: क ला ल्युमिएर स्वा! ए ला ल्युमिएर फ्यु.' (देव म्हणाला: प्रकाश होवो! आणि प्रकाश झाला.) यातली 'स्वा' आणि 'फ्यु' दोन्ही 'एत्र' म्हणजे 'असणे' या एकाच क्रियापदाची रूपं. मूळ रूप माहीत नसेल तर शब्दकोश उघडून उपयोग नाही. पुढचं वचन तर चकवाच: 'द्यो वी'. देव जगतो, की देवाने पाहिलं? 'वी' दोन्हींचं रूप आहे. मागोमाग 'क' (की) आलाय, म्हणून 'पाहिलं'.

रोज दहा वचनं. आधी सगळ्या क्रियापदांखाली पेन्सिलीने रेघ, समासात मूळ रूप, मग अर्थ. अनियमित क्रियापदांपैकी नेहमीची वीसेक पाठ झाली की वेग येतो. महिनाभर उत्पत्ती आणि मार्कचं शुभवर्तमान, त्यानंतर गद्य.

उंबरठा: गद्यात सगळ्यात जास्त घात करतो तो 'न… क'. साधा नकार म्हणजे 'न… पा'. 'द्यो न वो क ल साल्यु' यात नकार नाहीच. मराठीचा 'च' लावा: देवाला तारणच हवं आहे. विद्वानांच्या वाक्यात 'न' आणि 'क' यांच्यात ओळभर अंतर पडतं. 'क' निसटला की लेखकाच्या मताचा उलटा अर्थ प्रबंधात जातो. म्हणून 'न' दिसला की 'पा' किंवा 'क' सापडेपर्यंत थांबा. वाक्यारंभी 'ओर' आला तर ते सोनं नव्हे, युक्तिवादाची पुढची पायरी: 'आता'. वाक्यारंभी 'ओसी' आणि लगेच क्रियापद, मग कर्ता, असा क्रम दिसला तर 'सुद्धा' नाही, 'म्हणून'.

समास: आभार. उच्चार सोडून दिले तर चालेल? आणि ग्रीकचा काही उपयोग?

उंबरठा: उच्चार सोडा, अक्षरं सोडू नका. 'पाक' एकवचनी असेल तर वल्हांडण (ज्यूंचा सण), शेवटी मुका 'एस' असेल तर ईस्टर. कानाला दोन्ही सारखेच. 'आक्त्युएल' एरवी 'सध्याचा', पण 'ग्रास आक्त्युएल' म्हणजे विशिष्ट कृतीसाठी त्या क्षणी मिळणारी कृपा. असे शब्द वेगळ्या वहीत उतरवा.

ग्रीकचा उपयोग मोठा आहे. 1942 पासून निघणाऱ्या 'सूर्स क्रेतिएन' या प्राचीन ख्रिस्ती ग्रंथांच्या मालिकेच्या बहुतेक खंडांत एका पानावर मूळ ग्रीक किंवा लॅटिन, समोर फ्रेंच. दुसऱ्या महिन्यात तिथे सराव करा.

पेन्सिल: आणि लॅटिन शब्दकोश आत्ताच मिळवून ठेवा. 'स्युरनातुरेल'मध्ये लॅटिन उतारे भरपूर आहेत.