मदत हवी आहे: ५७ फुटी नॅरोबोट ट्रकने स्कॉटलंडला न्यायची आहे

निवांत_नौका

नमस्कार मंडळी,

बोट नॅरोबोट म्हणजे अरुंद कालव्यांसाठीची लांबोडकी बोट, पोलादी, ५७ फूट लांब, ६ फूट १० इंच रुंद, २००४ सालची बांधणी. सध्या मिल्टन कीन्सजवळ ग्रँड युनियन कालव्यावरच्या मरीनात उभी आहे. पुढच्या उन्हाळ्यात फोर्थ अँड क्लाइड आणि युनियन हे दोन्ही कालवे करायचे आहेत, फॉल्कर्क व्हीलसकट (दोन कालव्यांमध्ये बोटी वर-खाली नेणारं फिरतं यंत्र). इंग्लंडच्या कालव्यांतून तिकडे पाण्याने जायला समुद्राशिवाय वाट नाही, आणि सपाट बुडाची बोट समुद्रात घालायची नाही, म्हणून ट्रक.

एका वाहतूकदाराचा भाव आला आहे. त्यात फक्त रस्त्याचा प्रवास धरलाय, दोन्हीकडची क्रेन आपली आपण ठरवायची. बोटीचं वजन १५ टन असावं असा अंदाज आहे. मग ५० टनी क्रेन भरपूर झाली ना? पोलिसांची परवानगी लागेल का? वाहतूकदाराचा विमा आहे म्हणतात, तो पुरेसा असतो का? आणि उचलण्याआधी बोटीत काय काय आवरावं? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगा.

सांगलीकर_यूके

क्रेनचं आधी बघा, बाकी सगळं त्यावर ठरतं.

'५० टनी' हा आकडा क्रेनच्या अगदी पोटाशी असलेल्या वजनाचा असतो. बूम लांबवली की ताकद झपाट्याने उतरते. तुमच्या बाबतीत हिशोब असा होईल: कालव्याच्या काठाची भिंत क्रेनच्या पायांचा भार सोसत नाही, म्हणून क्रेन काठापासून दोन-तीन मीटर मागे उभी राहते. पायांपासून क्रेनचा मध्य आणखी दोन-तीन मीटर मागे. बोटीची मधली रेघ काठापासून एक मीटर आत पाण्यात. त्यात बोट पाण्यावरून फिरवून ट्रेलरवर ठेवायची, मध्ये कुंपण किंवा झाड आलं तर हात अजून लांब. म्हणजे ९ ते १० मीटर त्रिज्या धरूनच चाला. एवढ्या अंतरावर ५० टनी क्रेन साधारण १२ ते १५ टन पेलते. तुमची बोट त्यात बसत नाही.

वजनाचा अंदाजही कमी धरलाय. ५७ फुटी पोलादी बोट १६ ते १८ टनांपर्यंत सहज जाते. फरशीखालच्या बॅलास्टच्या (तोल राखायला ठेवलेल्या वजनाच्या) विटा, वर्षानुवर्षं भरलेलं सामान, बिल्जमधलं (बोटीच्या तळातलं) पाणी हे कुणी मोजत नाही. वर स्प्रेडर बार (पट्टे वर एकमेकांपासून लांब ठेवणारा आडवा दांडा) आणि उचलायचे पट्टे मिळून टनभर. तेव्हा १८ ते १९ टन, १० मीटर त्रिज्या असं सांगून भाव मागा. ८० किंवा १०० टनी क्रेन सुचवतील आणि ते बरोबर असेल. वजन कमी सांगितलंत तर काय होतं? क्रेनचा भारमापक लाल होतो, यंत्र उचलायला नकार देतं, ट्रक उभा राहतो आणि दोघांचंही दिवसाचं बिल तुमच्या नावावर येतं.

दुसरं, 'कॉन्ट्रॅक्ट लिफ्ट' मागा. नुसती भाड्याने घेतलीत तर क्रेन आणि ऑपरेटर त्यांचा, पण उचलण्याची आखणी आणि जबाबदारी कायद्याने तुमची. कॉन्ट्रॅक्ट लिफ्टमध्ये आखणी, स्लिंगर (पट्टे लावणारा माणूस), लेखी पद्धत सगळं कंपनीकडे. महाग पडते, पण १७ टन लोखंड हवेत लटकत असताना जबाबदार माणूस तोच असावा ज्याला ते काम येतं. जागा बघायला ते आधी येतील. कोणी 'बघायची गरज नाही, फोटो पाठवा' म्हणालं तर दुसरी कंपनी शोधा.

कोयनाकाठ

+१. पट्ट्यांबद्दल थोडं.

मागचा पट्टा पूर्ण रुंदीच्या सरळ भागावर हवा, जिथून बोट पंख्याकडे (प्रोपेलरकडे) निमुळती व्हायला लागते त्याच्या पुढे. निमुळत्या भागावर गेला की बोट त्यातून सरकते. पुढचा पट्टाही तसाच, नाकाचा उतार जिथे संपतो त्याच्या मागे. दोन्ही पट्टे बोटीच्या काठाच्या पातळीवर दोराने एकमेकांना बांधायला सांगा, म्हणजे बाहेरच्या दिशेला घसरत नाहीत. स्प्रेडर बार नसेल तर पट्टे वरून आत ओढले जातात आणि केबिनच्या भिंती व खिडक्यांवर दाब येतो. खिडकीची चौकट वाकली की पाऊस आत यायला लागतो आणि कारण महिनाभर सापडत नाही.

पाण्याची टाकी रिकामी करायची, अर्धा टन तिथेच वाचतो. पण ती नाकात असते. ती रिकामी झाली की आधीच इंजिन-बॅटऱ्यांनी जड असलेली शेपटी अजून खाली बसते. स्लिंगरला टाकीची स्थिती आवर्जून सांगा. चांगला माणूस बोट पाण्याबाहेर हातभर उचलून थांबतो, तिरकी लटकते का बघतो, खाली ठेवून पट्टा सरकवतो, मग पूर्ण उचलतो. त्याला घाई करू देऊ नका.

अटलांटिकपलीकडे

परवानगीचं सोपं आहे. भार २.९ मीटरपेक्षा रुंद किंवा १८.६५ मीटरपेक्षा लांब असेल तर पोलिसांना कामकाजाचे दोन पूर्ण दिवस आधी सूचना लागते, आणि लांबी ओलांडली तर सोबत अटेंडंटही. तुमची बोट १७.३७ मीटर लांब, म्हणजे दोन्ही मर्यादांच्या आत. ट्रकसकट एकूण लांबी २५.९ मीटरच्या आत आहे ना, एवढं वाहतूकदाराला विचारा. ६२ फुटी बोट असती तर भाव बराच वेगळा आला असता.

विम्यात मात्र बरेच जण फसतात. बहुतेक वाहतूकदार रोड हॉलेज असोसिएशनच्या शर्तींवर काम करतात. त्यांत नुकसानभरपाईची नेहमीची मर्यादा टनामागे १,३०० पौंड असते. १७ टनांना २२,१०० पौंड. तुमच्या बोटीची किंमत त्याच्या दुप्पट असेल तर उरलेले कोण देणार? वाहतूकदाराकडून मर्यादा लेखी वाढवून घ्या किंवा स्वतःच्या विमा कंपनीकडून रस्त्याचा प्रवास, उचलणं आणि ठेवणं हे तिन्ही शब्द असलेलं पत्र घ्या. 'बोट विम्यात आहे' एवढ्यावर विसंबू नका, पुष्कळ पॉलिसींत पाण्याबाहेरचा लांब प्रवास वगळलेला असतो. बोट वीस वर्षांपुढची आहे, तेव्हा हलचा (बोटीच्या पोलादी कवचाचा) सर्व्हे मागतील. पाण्याबाहेर येतेच आहे तर सर्व्हे, ब्लॅकिंग (बुडाला गंजरोधक काळा रंग) आणि मॅग्नेशियमचे अॅनोड (पोलादाऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) त्याच फेरीत उरकून घ्या. फक्त ब्लॅकिंग पुरतं सुकल्याशिवाय पट्टे लावू नका, रंग पट्ट्याबरोबर निघतो.

कोयनाकाठ

आवरण्याबद्दल. मोटरवेवर ट्रक तासाला ५० मैलांनी जातो. कालव्यावर बोट चारने जाते, म्हणून छपरावर नुसतं ठेवलेलं सगळं तिथे वर्षानुवर्षं राहतं. चिमणी, खांब, फळी, कुंड्या, सायकली आत घ्या. सोलर पॅनेल आडवी करून बोल्ट आवळा. पुढच्या क्रॅचचं (नाकावरच्या चौकटीचं) आणि मागचं कॅनव्हास काढून घडी करा, बटणांवर ते टिकत नाही. टिलरचा (सुकाणू फिरवायचा) दांडा काढा आणि सुकाणू दोराने बांधा, नाहीतर रस्ताभर आपटत राहील. मशरूम व्हेंटच्या (छपरावरच्या हवेच्या झरोक्यांच्या) टोप्या फिरवून घट्ट आहेत का बघा.

आत: स्टोव्ह थंड, राख बाहेर, आतल्या विटा काढून गुंडाळा. बॅटऱ्या पट्ट्याने बांधलेल्या हव्यात. शौचालयाची टाकी रिकामी. गॅस सिलिंडरला बंद, वाहतूकदार सांगेल तर सिलिंडर उतरवूनच ठेवा.

अजून एक गोष्ट अगदी मनापासून सांगतो. इंग्लंडच्या कालव्यांतले झेब्रा मसल्स (पट्टेरी शिंपले) आणि पाणवनस्पतींचे तुकडे स्कॉटलंडच्या पाण्यात नेऊ नका. बोट वर आली की बूड दाबाच्या पाण्याने धुवा, वीड हॅच (पंख्यापर्यंत हात पोचवायचं झाकण) उघडून पंख्यावरचा गुंता काढा, बिल्ज कोरडं करा, दोर आणि फेंडर वाळवा. तिथलं पाणी आपण पाहुणे म्हणून वापरणार.

निवांत_नौका

सगळ्यांचे मनापासून आभार. विम्याचा आकडा तर माहीतच नव्हता, उद्याच लेखी विचारतो. तिकडे पाण्यात सोडल्यावर लगेच निघता येईल, की एखादा दिवस थांबावं?

सांगलीकर_यूके

क्रेन सोडण्याआधीची पंधरा मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. बोट पाण्यात टेकली की पट्टे सैल करायला सांगा, पण काढू देऊ नका. आत उतरा, टॉर्च घेऊन स्टर्न ग्लँड (पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो तिथलं पाणी रोखणारं तोंड) बघा. त्यात ग्रीस भरणारा ग्रीसर घट्ट होईपर्यंत फिरवा. अधूनमधून थेंब ठीक, धार लागली तर परत वर. मग वीड हॅचचं झाकण आणि बिल्ज तपासा. झाकण नीट न बसलेली बोट पंखा फिरवल्यावर मागून भरते. इंजिन सुरू करून पुढे-मागे गिअर टाकून बघा, मगच क्रेनला निरोप द्या.

पुढचा दिवस थांबाच. शेकडो मैलांच्या हादऱ्यांनी डिझेलच्या टाकीच्या तळाची घाण ढवळून निघते आणि पहिल्या तास-दोन तासांत फिल्टर तुंबतो. वॉटर सेपरेटर (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारं भांडं) रिकामा करा, दोन फिल्टर जवळ ठेवा. गॅसचे सांधे सैल होतात, लॉकरमध्ये बबल टेस्टर (गॅसगळती दाखवणारं उपकरण) असेल तर बटण दाबून बघा, बुडबुडा दिसला तर गॅस सेफ नोंदणीचा बोटींचा माणूस बोलवा. चिमणी छपरातून जाते तिथलं सिमेंट तडकलंय का बघितल्याशिवाय स्टोव्ह पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना, ते आधी.

अटलांटिकपलीकडे

तिकडचा परवाना वेगळा. इंग्लंडचे कालवे बघणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टचा नव्हे, तिकडचे कालवे बघणाऱ्या स्कॉटिश कॅनल्सशी बोला, आणि ट्रक ठरवायच्या आधी बोला. क्रेन कुठे उभी करता येईल ते तेच सांगतील. फोर्थ अँड क्लाइडच्या लॉकवर आणि व्हीलवर त्यांचे कर्मचारी असतात, वेळ आधी ठरवावी लागते. हलते पूल चालू आहेत ना, तेही विचारा. २०१८ मध्ये बॉनीब्रिज आणि ट्वेचर इथले पूल बंद पडले तेव्हा कालव्याचे तुकडे झाले होते. पूल बंद असेल तर बोट चुकीच्या बाजूला उतरवून उपयोग नाही, व्हील तिकडेच राहील.

फोर्थ अँड क्लाइड सुमारे ३५ मैल, पुलाखालची उंची ३ मीटर, तुम्हाला काही अडचण नाही. युनियन साडेएकतीस मैल, फॉल्कर्कचा चढ सोडला तर एडिंबरापर्यंत एकही लॉक नाही. परतीची क्रेन आणि ट्रक आत्ताच त्याच कंपनीकडे बुक करा. हंगाम संपताना, ऑक्टोबरच्या सुमारास, सगळ्यांनाच एकदम परत यायचं असतं.