जपानी बोलायला शिकायचंय, तर ट्यूटरशी नुसत्या गप्पा नकोत

कोथरूडकर
जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन३ ही मधली पातळी पास झाले, पण तिच्यात बोलण्याची परीक्षाच नसते. म्हणून आठवड्यातून दोनदा ऑनलाइन ट्यूटर लावला. चार महिने ५०-५० मिनिटं मोकळ्या गप्पा मारल्या. मग एक रेकॉर्डिंग ऐकलं आणि वाईट वाटलं. बोलत होत्या सेन्सेई, म्हणजे माझ्या शिक्षिका. माझं आपलं 'सोऽ देसु ने' (हो ना), 'ओमोशिरोइ देसु' (मजेशीर आहे). विषय दर वेळी हवा आणि जेवण. गप्पांमध्ये आपण येणाऱ्या शब्दांच्याच आडोशाला बसतो.

आता तास असा असतो: एकच प्रसंग, तीन मिनिटं, कागद न बघता. सेन्सेई मध्ये बोलत नाहीत, फक्त चुका लिहून घेतात. त्यावर दहा मिनिटं बोलणं, आणि मग तोच प्रसंग पुन्हा. बस चुकल्याचं सांगताना पहिल्यांदा मी म्हटलं, 'बासु गा इकिमाशिता', म्हणजे बस गेली. दुसऱ्यांदा तोंडातून आलं, 'बासु नि नोरिओकुरेते शिमाइमाशिता'. त्यात चुकल्याची हळहळ आली. हे 'शिमाउ' आधीच्या एन४ पातळीला घोकलं होतं, पण तोंडात त्या दिवशी पहिल्यांदा आलं. तिसऱ्या फेरीत तेच मैत्रिणीला सांगायचं, 'देसु-मासु' ही आदरार्थी शेपटं काढून.

माझं ठाम मत आहे की व्याकरण घरी करावं, तासाला फक्त बोलावं, आणि तेच तेच बोलावं.

ओसाकावासी
अजिबात पटलं नाही. इथे तीन मिनिटं सलग कोण बोलू देतं? ज्याला तुम्ही कमीपणा समजताय, ते 'सोऽ देसु ने' म्हणजे अइझुचि, ऐकताना मध्ये मध्ये द्यायचा हुंकार. फोनवर मी ते न म्हणता गप्प ऐकत बसलो, तर पलीकडून 'मोशिमोशि?' (हॅलो?) येतं, लाइन कटली असं वाटतं त्यांना. समोरच्याचं बोलणं झेलणं मी गप्पांतच शिकलो. तुमच्या पद्धतीने भाषण छान जमेल, संवाद नाही.

पुण्यात शिकवते
तोच प्रसंग पुन्हा सांगायला लावणं मला शंभर टक्के मान्य. पण सगळ्या चुका शेवटी? नाही. दीर्घ स्वर चुकला की तिथल्या तिथे थांबवायलाच हवं. 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू, 'ओबाआसान' म्हणजे आजी. आपण मराठीत ऱ्हस्व-दीर्घावरून लिहिताना भांडतो, बोलताना मात्र पाळत नाही; तीच सवय जपानीत येते आणि घट्ट बसते. ('त्सु' मात्र आपल्याला फुकट मिळतो, 'चांदणं'मधल्या 'च'मुळे. हिंदी बोलणाऱ्यांना त्यासाठी झगडताना पाहिलंय.) विभक्तीसारखे 'वा', 'गा', 'नि' नंतर सुधारले तरी चालतं.

कोथरूडकर
@पुण्यात शिकवते, मध्ये थांबवलं की माझा धागाच तुटतो, पुढचं वाक्य सुचत नाही. पण दीर्घ स्वरांचं बरोबर आहे. सेन्सेईंनी त्यासाठी नुसतं बोट वर करावं, मी तो शब्द पुन्हा म्हणेन, असं सुचवते.

@ओसाकावासी, अइझुचि चूक नाही हो. माझ्याकडे अइझुचिशिवाय दुसरं काही नव्हतं, हे दुखणं होतं. तुम्ही रोज जपानी माणसांत आहात, गप्पा तुम्हाला दुकानात, ऑफिसात मिळतात. मला आठवड्याला फक्त शंभर मिनिटं मिळतात.

ओसाकावासी
हा मुद्दा मान्य. तरी तिसऱ्या फेरीत सेन्सेईंना मध्येच प्रश्न विचारायला सांगा. 'मग पुढची बस कधी होती?' याचं उत्तर तयार नसतं. तिथे काय होतं ते बघा.

कोथरूडकर
हे शनिवारच्या तासाला करते. प्रसंग ठरलाय: गॅस संपला आणि पाहुणे दारात.