पंख्याची वाटी खाली करून पाहिलीत का?

मुलीच्या खोलीतला पंखा गेल्या आठवड्यात टक्‌टक् करायला लागला. पातं वाकलं असेल म्हणून दोन दिवस तसाच चालवला. मग वायरमनला बोलावलं. मेन स्विच बंद करून तो घोड्यावर चढला, छताजवळची वाटी खाली सरकवली आणि मला वर बोलावलं. पंखा ज्या बोल्टवर लटकतो, त्याचा नट शेवटच्या दोन आट्यांवर आला होता. नट सुटू नये म्हणून बोल्टच्या भोकात टोकं वाकवलेली स्प्लिट पिन असते. तिच्या जागी वायरचा तुकडा पिळलेला! खाली माझी सहा वर्षांची मुलगी झोपते. बारा वर्षं पाती पुसत आले, वाटी एकदाही उघडली नव्हती.

तुमच्याकडे काय आढळलं ते लिहा. नेमकं काय तपासलं तेही सांगा, म्हणजे बाकीच्यांनाही पाहता येईल.

रत्नागिरी
आमचा पंखा उत्तम होता, दोष स्लॅबमध्ये निघाला. गच्ची गळायची, दर पावसाळ्यात हुकाभोवती तपकिरी डाग उमटायचा आणि दिवाळीला आम्ही तो रंगाने झाकायचो. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडते, हे ऐकून होतो. हूकही सळईचाच असतो, हे मात्र कधी मनात आलं नाही. गवंड्याने पोपडे पाडले, तेव्हा हुकाचा वाकलेला भाग निम्म्याहून बारीक झालेला दिसला. आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं, मग चांगल्या काँक्रीटमध्ये नवा हूक बसवला. उलट क्रमाने केलं असतं तर नवाही गंजला असता.

ठाणे
फॉल्स सीलिंगचं काम चालू असताना स्वतः हजर राहा. रॉड आखूड पडला म्हणून आमच्या कारागिराने पंखा सीलिंगच्या पत्र्याच्या चॅनलला टांगला होता. लांब रॉड आणून तो स्लॅबच्या हुकाला घ्यायला लावला.

कोल्हापूर, वायरमनचं काम करतो
पंखा डुलला की लोक घाबरतात. बहुतेक वेळा दोष पात्यांचा असतो. पंखा बंद करून प्रत्येक पात्याचं टोक छतापासून किती अंतरावर आहे ते टेपने मोजा; वाकलेलं पातं लगेच सापडतं. पात्यांचे स्क्रूही आवळून घ्या. पण डुलणारा पंखा वर्षानुवर्षं तसाच चालवला, तर नट ढिला होतो आणि रबर बुश, म्हणजे हुकावर टेकणारा रबरी तुकडा, झिजतो. वाटी खाली केली की मी आधी बुश नखाने दाबतो. दगडासारखा कडक किंवा तडकलेला असेल तर बदलतो. सगळ्यात जास्त विसरली जाते ती खालची पिन. रॉड मोटरला जोडतो तिथेही बोल्ट आणि पिन असते, खालच्या वाटीत झाकलेली. आणि जुनी पिन सरळ करून परत घालू देऊ नका, दुसऱ्यांदा वाकवताना ती तुटते. १२०० मिमीचा साधा पंखा चार-पाच किलोचा असतो. तेवढं वजन फिरता फिरता खाली येतं, हे लक्षात ठेवा.

पुणे, जुना वाडा
कडीपाटाचं छत, हूक तुळईत. हुकाशेजारी लाकडाचा भुसा पडायचा. सुरी टोचून पाहिली तर पातं सहज आत गेलं. वाळवी! त्याच दिवशी पंखा उतरवला.

न्यू जर्सी
इथे छत लाकडी जॉइस्टचं, म्हणजे आडव्या तुळयांचं. दिवा काढून तिथेच पंखा लावायचा मोह होतो, पण दिवा ज्यावर बसवतात तो छतातला बॉक्स पंख्याची थरथर सोसण्यासाठी बनवलेला नसतो. पंख्यासाठीचा बॉक्स वेगळा मिळतो, त्यावर तसं छापलेलं असतं. आम्ही घर घेतलं तेव्हा आधीच्या मालकाने दिव्याच्या बॉक्सवरच पंखा लावलेला होता.

धागाकर्ती
कोल्हापूरकर, तुमचं वाचून लगेच सगळ्या खोल्यांतल्या खालच्या पिना पाहिल्या. हॉलमध्ये आहे, मुलीच्या खोलीत आहे. सासूबाईंच्या खोलीत नाही. त्यांना आज आमच्या खोलीत झोपवलंय, सकाळी वायरमन येतोय.